कोट गेला चांद्याला

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. वर्गातसुद्धा मी खुर्चीत बसून शिकवल्याचं कोणाला आठवत नसेल. असा माणूस आरमोरीहून नागपूरला निघाला, तोही मुलगी पाहायला, म्हणजे त्याचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

तेव्हा वैनगंगेवर पूल नव्हता. मोटार आपल्याला या काठावर उतरवून परत फिरायची. डोंग्यातून पलीकडे जायचं, वाळू तुडवायची आणि तिकडच्या काठावर आंब्याखाली उभी असलेली दुसरी मोटार धरायची. डोंगा लागला की म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया वाळूत अडखळत येणार, तोवर जागा भरून जायच्या. म्हणून डोंग्यातल्या लोकांनी एक रीत पाडली होती. ज्याच्या पायात जोर, त्याच्या हाती सगळ्यांनी आपापले दुपट्टे, शेले, टॉवेल द्यायचे. त्याने धावत जाऊन ते बाकांवर टाकायचे. एकदा दुपट्टा पडला की ती जागा त्याची. मग पाटील आला तरी तो दुपट्टा उचलत नसे.

त्या दिवशी मी डोंग्यात तीनदा उठलो नि तीनदा बसलो. शेवटी डोंगेवाला ओरडला, "ओ गुरुजी, डोंगा बुडवता का आता?"

माझ्यासमोर सुकटीची टोपली मांडीत घेऊन मासे विकणारी एक म्हातारी ढिवरीण बसली होती. ती म्हणाली, "काऊन रे बापू, मुंग्या चावून राह्यल्या का तुले? एवढी घाई हाय तं तूच धाव. घे, हा माहा शेला."

तिचं पाहून सगळ्यांनीच दिले. माझ्या खांद्यावर दुपट्ट्यांचा ढीग झाला. वरून मी माझा कोटही काढून त्यात घातला, कारण नागपूरच्या मामांनी बजावून ठेवलं होतं की खिडकीजवळची जागा धर, धुळीने तोंड खराब करून येऊ नको. खरं तर तो कोट माझा नव्हता, मित्राचा होता. आणि तो ऐटीसाठी घातलेला नव्हता. माझ्या सदऱ्याची पाठ फाटली होती आणि घरात दुसरं कापड नव्हतं म्हणून आईने तिथे गादीच्या निळ्या पट्ट्यांचं चांगलं ताटाएवढं ठिगळ लावलं होतं. कोट होता तोवर मी उमेदवार नवरा होतो. कोटाशिवाय मी गादी होतो.

डोंगा वाळूला टेकायच्या आत मी उडी मारली. मागून म्हातारी काहीतरी ओरडली. मला वाटलं, शाबासकी देते आहे. मी अधिकच जोरात पळालो. आंब्याखाली दोन मोटारी तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. जी जवळ होती, तिच्या खिडकीतून मी सारे दुपट्टे आत फेकले, धावत दारातून शिरून ते नीट पसरले, खिडकीवर कोट अडकवला आणि मोठ्या रुबाबात खाली उतरून वाळूतून येणाऱ्या मंडळींना हात करू लागलो.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे ती मोटार सुरू झाली नि निघाली.

मंडळी पोचली तेव्हा धूळ खाली बसत होती. ढिवरीणबाई टोपली टेकवून म्हणाली, "अरे, ते चांद्याची होती! मी ओरडून राह्यली, पुसून घे, पुसून घे, कोठची हाय ते. माहा शेला चालला चांद्याले, आन् मी कोठी चालली?"

एकजण म्हणाला, "बाई, तुहा शेला तरी बसून गेला. आपल्याले तं उभ्यानंच जा लागते."

चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, एका दिशेला आणि नागपूर दुसऱ्या. नागपूरची मोटार केव्हाच भरली होती. उमरेडपर्यंत अख्खा डोंगा उभ्याने गेला आणि अख्खा डोंगा माझ्या पाठीवरच्या पट्ट्यांकडे पाहत गेला.

नागपूरच्या स्टँडवर मामा वाट पाहत होते. "कोट कुठी हाय रे?" एवढंच म्हणाले. उशीर झाला होता. त्यांचा कोट मागावा, तर त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. तसेच मुलीच्या घरी गेलो. बैठकीत पाऊल टाकताच मी भिंत शोधली. एका बंद खिडकीला पाठ लावून जो बसलो तो बसलोच. चहा आला, हललो नाही. मुलगी आली, पोहे ठेवून गेली, हललो नाही. तिचे वडील म्हणाले, "चला, आमची विहीर दाखवतो." मी म्हणालो, "इथूनच बरी दिसते." विहीर घराच्या मागे होती. जिवाची नुसती तगमग चालली होती, पायाचा अंगठा चटईखाली तबला वाजवत होता. निघताना नमस्कार करत करत मी उलट्या पावलांनी दारापर्यंत गेलो.

चार दिवसांनी मामांचा निरोप आला. मुलीकडच्यांना मुलगा पसंत होता. कारण काय, तर मुलगा फार शांत आहे आणि वडीलधाऱ्यांना पाठ दाखवत नाही! आई हसत हसत खाली बसली.

दुपट्टे चांद्याच्या ड्रायव्हरने आंब्याखालच्या चहावाल्याकडे आणून ठेवले होते. ज्याचे त्याला मिळाले. कोटही मिळाला, विड्यांच्या वासासकट.

लग्न करून परतताना तोच काठ, तोच डोंगा आणि नेमकी तीच ढिवरीणबाई. पलीकडच्या काठावर गडचिरोलीची आणि वडशाची अशा दोन मोटारी दिसत होत्या. आरमोरीला उतरायचं तर गडचिरोलीची धरायला हवी. माझे पाय शिवशिवू लागले. मी उठलो. बायकोने त्याच उसन्या कोटाचा काठ धरून मला खाली ओढलं.

"बसा ना," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे बसले होते तसे."

"तसे म्हणजे?"

"त्या खिडकीची एक फळी मोडकी होती. तिच्यामागे मीच होती. निळ्या पट्ट्या पाहून पाहून पोट दुखलं हसून."

मी कोट पाठीवर नीट ओढून घेतला. "मग हो काऊन म्हटलं?"

"बाबांनी विहीर दाखवतो म्हटलं तेव्हा तुमचे कान लाल झाले होते. म्हटलं, याला फार वेळ नाही लपवता येत."

डोंगा टेकला. तिने पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि लोकांकडे पाहिलं. नवी नवरी धावणार म्हटल्यावर डोंग्यात कुजबुज सुरू झाली. पहिला शेला ढिवरीणबाईने दिला. "जाय वो माय. पुसून घेजो मातर." मग सगळ्यांनी दिले.

ती वाळूतून पळत गेली आणि आधी मोटारीसमोर उभं राहून तिने खणखणीत आवाजात विचारलं, "गडचिरोलीची कोणची हो, भाऊ?" ते नदीच्या मध्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

जाताना तिने माझ्यापुढेही हात केला होता. मी निमूटपणे कोट काढून दिला होता. नवा सदरा हळदीने माखला होता म्हणून आत तोच जुना, ठिगळाचा होता. तेव्हा डोंगा रिकामा होईपर्यंत मी लोकांकडे तोंड करून, अगदी शांत, बसून राहिलो.