नझूलवाले काका

कागद हातात दिला की ते आधी तो पालथा करायचे. वरचा राजमुद्रेचा शिक्का, साहेबाची लफ्फेदार सही, यांकडे बघायचेसुद्धा नाहीत. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असत. त्या बोट फिरवत, ओठ हलवत वाचायचे आणि म्हणायचे, "समोरच्या बाजूनं सरकार देते, बाई. मांगच्या बाजूनं वापस घेते."

वाशीमच्या कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखाली, गोणपाटावर बसणारे अर्जनवीस तुम्हीही पाहिले असतील. त्यांतलेच हे एक. मूळचे रिठदचे. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी दोरा. पुढ्यात लाकडी पेटी, तिच्यावरच लिहिणं. अक्षर असं की आमच्या शाळेतल्या फळ्यावर लावून ठेवावं. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर आपल्या वस्तीतल्या घराघराची नावं त्यांनीच कागदावर नीट लिहवून घेतली होती, असं लोक सांगत. गावातली सरकारी जमीन, म्हणजे नझूल, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळते. तिच्या कागदांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून सगळे त्यांना नझूलवाले काका म्हणत.

एकदा एक माणूस नोटीस घेऊन आला. पट्ट्याच्या घरात, पुढच्या खोलीत त्यानं पिठाची चक्की टाकली होती.

"राहाले देल्ली हाय जागा तुले. दळाले नाही," काका म्हणाले.

"पन काका, मांगचे साहेब हो म्हनले होते."

"साहेब तोंडानं हो म्हन्ते अन् बदलून जाते. लेखी आन."

त्या माणसानं चक्की हलवली की परवानगी आणली, मला आठवत नाही. पण त्याच्या घरचं पीठ पुढे बरेच दिवस काकांच्या घरी पोचत होतं, हे मात्र ठाऊक आहे.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या घरापायी. मी किन्हीराजाच्या शाळेतून बदलून वाशीमला आले होते. आमचे मालक, म्हणजे घरधनी, एसटीत कंडक्टर. एका जैन शेठाणीबाईंचं दोन खोल्यांचं घर विकायचं होतं. त्यांचे यजमान वारले होते आणि त्यांना लेकीकडे कारंज्याला जायचं होतं. सौदा ठरला, स्टॅम्पपेपर आणला, मुहूर्ताचा दिवस काढला. खरेदीखत लिहून घ्यावं म्हणून आम्ही काकांकडे गेलो.

त्यांनी पट्टा पालथा केला. वाचला. मग सुलटा करून पुन्हा वाचला.

"हे पट्टेदार कोठी हायेत?"

"ते वारले. आता शेठाणीबाईच."

"कागदात तं तेच हायेत. अन् मुदत चैत्रात संपून राह्यली. अन् इकाले अकोल्याच्या कलेक्टरसाहेबाची परवानगी लागते." त्यांनी चष्मा काढला. "त्या हे घर इकू नाही शकत, तुमी घेऊ नाही शकत. बाकी सारं ठीक हाय."

मालक भडकले. घरी येईपर्यंत त्यांचं एकच चाललं होतं, "या माणसाले अर्ज लिवाले काम पायजे म्हनून हे सारं." मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी शेठाणीबाई स्वतः रिक्षा करून कचेरीत आल्या. पांढरं लुगडं, हातात काठी. मीही शाळेतून मधल्या सुट्टीत गेले होते.

"तीस वर्षं झाडलं, सारवलं मी ते घर. अन् तू म्हनतो माझं नाही?"

काका उठून उभे राहिले. "घर तुमचंच हाय, माय. खालची जमीन सरकारची हाय. अन् सरकारच्या कागदात तुमचे मालक अजून जित्ते हायेत. त्याहिचं नाव काढून तुमचं लावा लागते."

बाई गोणपाटावरच बसल्या. बराच वेळ काठीनं माती टोकरत राहिल्या. मग म्हणाल्या, "एका तरी जागी जित्ते हायेत. राहू दे ना."

काकांनी दौतीचं झाकण लावलं. त्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला नाही. आमचाही नाही, कुणाचाच नाही.

तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "लिव."

वारसाच्या अर्जात 'मयत' लिहिलं की भागतं. काकांनी 'स्वर्गवासी' लिहिलं. आतला कारकून हसला, "एवढं कायले?" काका म्हणाले, "शाई माझी हाय."

मग सुरू झाले हेलपाटे. मुदतवाढीसाठी जागेची पाहणी करायला मोजणीवाले साहेब आले. त्यांनी फीता टाकला आणि सांगितलं, ओटा दीड हात रस्त्यावर आलाय, तसं लिहावं लागेल. आम्ही घाबरलो. काकांनी वाद घातला नाही. मालकांकडे वळून म्हणाले, "कंडक्टरसाहेब, कुदळ आना. अन् साहेब, तुमी तोवर चहा घ्या."

खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मालकांनी ओटा फोडला. आळीतले लोक जमले. शेठाणीबाई आतून ओरडत होत्या, "अरे, हळू! भिंत पाडशीन!" साहेबांचा दुसरा कप संपला तेव्हा ओटा उरलाच नव्हता. साहेबांनी पुन्हा फीता टाकला आणि 'अतिक्रमण नाही' असं लिहिलं. खरंच नव्हतं.

सव्वा वर्ष गेलं. मग बाईंच्या नावानं पट्टा, त्याला तीस वर्षांची मुदत आणि विक्रीची परवानगी, सगळं हातात आलं. तोवर मालक कचेरीत जाताना काकांसाठी तंबाखूची पुडी घेऊन जाऊ लागले होते.

खरेदीखत लिहिताना काका घेणाऱ्याच्या नावाच्या जागेशी थांबले.

"नाव कोनाचं?"

मालकांनी स्वतःचं सांगायला तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "घरात बाईचाही पगार लागला ना?"

मालक हसले. "दोघायचं लिवा. तिचं आंधी."

माझं पूर्ण नाव त्या अक्षरांत कागदावर उतरताना मी बघत होते. हजेरीपटाखेरीज ते कुठे लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी उगीचच विचारलं, "काका, तुमचं घर कुठं आहे?"

"भाड्यानं राह्यतो. सारे कागद वाचनारा मानूस घर घेत नाही, बाई."

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, पण नजर पूर्वीसारखी आली नाही. कडुनिंबाखालची जागा सोडून ते रिठदला भावाकडे गेले.

एका थंडीत आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. ते शेतावर होते. हुरडा भाजणं चाललं होतं. माझा आवाज ऐकूनच त्यांनी ओळखलं, "मास्तरीणबाई!" ऊन ऊन दाणे स्वतः चोळून आमच्या हातावर घातले, वर जवसाची चटणी. शेठाणीबाईंची खुशाली विचारली, घराच्या कौलांची विचारली, मालकांच्या ड्यूटीची विचारली. ती आमची शेवटची भेट. पुढचा हुरडा यायच्या आधीच ते गेले.

त्या दिवशी मात्र नको नको म्हणत असताना ते फाट्यापर्यंत पोचवायला आले. कंडक्टर मालकांच्या ओळखीचा निघाला, त्यानं आम्हाला पुढे जागा दिली. गाडी सुटली. मी वळून पाहिलं. धुरळ्यात उभे राहून ते जोरजोरात हात हलवत होते, पण मागच्या खिडकीकडे बघून. तिथे कडेवर लेकरू घेतलेली एक अनोळखी बाई बसली होती. तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग लेकराचा हात धरून तीही त्यांना टाटा करू लागली.