नंबर उघडा, नाव कुलपात

जालन्याच्या आमच्या कचेरीतल्या फायली वाळवीनं कधीच संपवल्या. किस्से मात्र अजून शाबूत आहेत. निजामी अंमल होता तेव्हा. दुपारी डोळा लागला की आजही मला कुंडलिका नदीच्या काठावरची ती खोली दिसते आणि समोर चष्मा पुसत बसलेले आमचे मुन्शीजी.

गाड्यांची चालानं, म्हणजे दंडाच्या नोंदी, मुन्शीजींच्या ताब्यात. टेबलावरच्या रजिस्टरात नंबर आणि गुन्हे. ते कुणीही येऊन विचारावं. मालकांची नावं दुसऱ्या रजिस्टरात, कपाटात. साहेबांच्या लेखी हुकमाशिवाय ते निघायचं नाही. किल्ली मुन्शीजींच्या गळ्यात असायची. मी त्यांच्या शेजारचा कारकून.

*

भोकरदनचा एक जण जुनी मोटार घेणार होता. मुन्शीजींनी वाचून दाखवलं, "बिनादिव्याची, दोनदा. बाजारात म्हशीला धडक, एकदा."

"मालक कोण व्हता?"

"म्हशीनंबी न्हाई विचारलं."

*

एक गृहस्थ होणाऱ्या जावयाच्या सायकलीचा नंबर घेऊन आले.

"तीनदा धरली, बिनादिव्याची," मुन्शीजी म्हणाले.

"कुठं?"

मुन्शीजींनी ओळीवर बोट ठेवलं. तिन्ही वेळा यांचीच गल्ली! गृहस्थांनी टोपी उचलली आणि तडक घर गाठलं. लग्न ठरल्यापेक्षा महिनाभर आधीच झालं.

*

एका बड्या अंमलदाराला एका टांगेवाल्याचं नाव हवं होतं. मोटारीला वाट दिली नाही म्हणे.

"हुकूम कशाला? मी सांगून राह्यलो ना?"

"बराबर हाय, हुजूर. मंग तुमच्या मोटारीचंबी पान वाचू का, समद्यांसमोर?"

अंमलदारांनी चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि गेले.

*

मग एका बाजारच्या दिवशी मुन्शीजींच्या बीबीला, आमच्या भाभींना, टांग्यानं उडवलं. पाय मोडला. टांगा पळाला, पण शिपायानं नंबर टिपला होता.

मुन्शीजींनी तो स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहिला. मग किल्ली मुठीत धरून कपाटासमोर बसून राहिले. मला ते बघवेना.

"उघडा मुन्शीजी. आज कोण बोलणार हाय तुमाला?"

"हुकूम आला न्हाई," ते म्हणाले आणि किल्ली परत गळ्यात घातली.

साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवसापासून एक टांगेवाला मुन्शीजींच्या दारात उभा राहू लागला. भाभींना उचलून बसवायचा, जपून दवाखान्यात न्यायचा, भाडं घ्यायचा नाही. त्याला कुणी नाव विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मी तो घेऊन सकाळीच मुन्शीजींच्या घरी गेलो. टांगा दारातच होता. त्याच्या पाठीवर रंगवलेला नंबर मी वाचला, पुन्हा वाचला. तोच होता.

मुन्शीजी भाभींना धरून बाहेर आले. मी कागद पुढं केला.

"साहेबांचा हुकूम आला, मुन्शीजी."

टांगेवाल्यानं मान खाली घातली. मुन्शीजींनी खिशावर हात ठेवला. चष्म्याची काडी त्यातून बाहेर डोकावत होती.

"आज चष्मा न्हाई जवळ," ते म्हणाले, आणि भाभींना टांग्यात बसवून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.