रूथच्या ओटीत कापूस

माझे वडील धुळ्यात तीस वर्षं पेंटर होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंतीवरचं ते हृदय आणि फुप्फुस, सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आले आणि नानांचे डबे पोटमाळ्यावर गेले. आता वय झालंय, ब्रश धरला की मनगट दुखतं. त्यामुळे देवपूर भागातल्या एका लहानशा ख्रिस्ती प्रार्थनामंदिराचे पाळक घरी आले आणि म्हणाले, "आमच्या सभागृहाची भिंत रंगवून द्याल का? शास्त्रातली जुनी माणसं काढायची आहेत," तेव्हा ही आपली शेवटची भिंत, हे नानांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. आम्ही दोघं त्यावर बोललो नाही इतकंच.

आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. नाना बोलताना अडखळतात, अगदी लहानपणापासून. गिऱ्हाईक आलं की नाना तोंड उघडायचे आणि वाक्य मी संपवायचे. दहा वर्षांची असल्यापासून हेच. पुढे मी शाळेत बाई झाले, मग तर काय विचारता! माझी जीभ आमच्या घरात दोघांना पुरून उरते. माय हयात होती तेव्हा म्हणायची, "अगं, त्यास्ना घास त्यास्ना तोंडात ऱ्हाऊ दे ना." मी हसण्यावारी न्यायचे.

पाळकसाहेबांनी एकच अट घातली. चित्रं शास्त्राला धरून हवीत. पूर्ण झाल्यावर शनिवारी प्रार्थनामंदिराचे पंच बघतील, आणि जे पटणार नाही त्यावर चुना फिरेल.

आता आमचं घर शिंदखेड्याकडचं, शेतकरी. खंडोबा, सप्तशृंगी, कानबाई हे आमचे देव. त्या भिंतीवरच्या माणसांपैकी एकाचीही आमची ओळख नाही. मग पाळकांनी दिलेलं पुस्तक घेऊन मी शाळा सुटल्यावर रोज तिथे जायचे आणि नाना काम करत असताना मोठ्याने वाचून दाखवायचे. नानांची एक खोड आहे. ओळखीचा चेहरा डोळ्यांपुढे आणल्याशिवाय त्यांना माणूस काढताच येत नाही. म्हणजे काय झालं, की इस्राएलची सगळी थोर मंडळी हळूहळू आमच्या नातेवाइकांसारखी दिसायला लागली. नोहा हे आमचे शिरपूरचे मामा. "एवढी जनावरं घेतली," नाना अडखळत म्हणाले, "चाऱ्याचं काय केलं?" त्यांनी जहाजाच्या टपावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि मग कुठे त्यांच्या जिवाला स्वस्थता आली.

अब्राहामाच्या वेळी मात्र भांडण झालं. पोराला बळी द्यायला निघालेला बाप! नानांनी ब्रश खाली ठेवला. सुरी काढणार नाही म्हणाले. मी म्हटलं, "अहो नाना, गोष्टच ती आहे, शेवटी पोरगा वाचतो." नाही म्हणजे नाही. दोन दिवस भिंत कोरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना डोंगर उतरताना काढलं. बापाचा हात पोराच्या खांद्यावर, सुरी कुठेच नाही. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि चहा मागवला.

दाविदाच्या हातातली गोफण तर बघण्यासारखी झाली. पाळकांकडच्या छापील चित्रात ती चुकीची होती, त्या गोफणीने चिमणीसुद्धा उडाली नसती. नानांनी ज्वारीवरची पाखरं हाकलत बालपण काढलेलं. दोरीचा कुठला पदर बोटात अडकवायचा आणि कुठला सोडायचा, सगळं बरोबर दाखवलं.

आणि मोशे. मी वाचत होते की देव त्याला सांगतो, जा, राजाशी बोल, आणि तो म्हणतो, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. तेव्हा देव म्हणतो, तुझा भाऊ अहरोन बोलेल तुझ्यासाठी. नाना खुदकन हसले. माझ्याकडे ब्रश रोखला. झालं! दुसऱ्या दिवशी अहरोन म्हणून मीच उभी. दाढी लावलेली, पण नाक माझं, आणि तोंड हे एवढं उघडं. मला राग आला खरा, पण मनातून गुदगुल्याही झाल्या. मी शाळेतल्या सगळ्या बायकांना मोबाइलवर फोटो दाखवला.

शेवटी राहिली रूथ. गोष्ट साधी आहे. नामी नावाची बाई परमुलखात नवरा गमावते, दोन्ही मुलं गमावते. सुनांना सांगते, माहेरी जा बायांनो. एक जाते. रूथ जात नाही. सासूबरोबर तिच्या गावी येते आणि दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचून तिला जगवते. सरवा म्हणजे कापणी झाल्यावर मागे राहिलेलं वेचणं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नानांनी मला ती गोष्ट तीनदा वाचायला लावली. मला वाटलं, वय झालं, नीट ऐकू येत नसेल. तिसऱ्यांदा मी जरा वैतागूनच वाचली.

त्यांनी काढलेली रूथ माझी माय होती. ऐन विशीतली. लुगड्याचा काष्टा, कमरेला बांधलेली ओटी, आणि ओटीत कापूस. मागे बोंडं वेचून झालेली पऱ्हाटी, आणि बांधावर बसलेली नामी म्हणजे नानांची आई, माझी आजी. मायला जाऊन दोन वर्षं झालीत. मी त्या भिंतीसमोर उभ्या उभ्या रडले, पाळकांसमोर, लाजबिज सोडून.

शनिवारी पंच आले. पाच जण, त्यात एक म्हाताऱ्या अक्का. नोहाचा कडबा बघून हसले, सुरी नाही त्यावर थोडी कुजबुज झाली, पण चाललं. रूथपाशी येऊन सगळ्यात मोठे पंच थांबले. ते निवृत्त हेडमास्तर.

"शास्त्रात जव आहे," ते म्हणाले. "कापूस कुठून आला?"

नानांनी तोंड उघडलं. आणि मी सुरू झाले. "सर, आपल्याकडे जव कोण पेरतं? खानदेशातल्या माणसाला सरवा म्हटलं की कापूस दिसतो. लोकांना गोष्ट जवळची वाटावी म्हणून मुद्दामच..."

"छान सांगितलंत," सर म्हणाले. "पण मग अडचण काय? कापसाच्या जागी कणसं काढा, तासाभराचं काम. नाहीतर तेवढ्या भागावर चुना मारू."

माझं डोकं सटकलं. "चुना मारू म्हणजे? या वयात, दुखऱ्या हाताने माणूस महिनाभर राबतोय आणि तुम्ही..." मी आणखी बरंच काही बोलले. ते इथे लिहीत नाही. सरांचा चेहरा लाल झाला, पाळकसाहेब मध्ये पडले, आणि मला दिसत होतं की भिंत हातची चाललीय आणि ती मीच घालवतेय.

तेवढ्यात नानांनी माझ्या दंडाला धरलं. जोरात.

"तू च... चूप ऱ्हाय," ते म्हणाले. उभ्या आयुष्यात मला असं कधी म्हणाले नव्हते.

मग ते बोलले. किती वेळ लागला सांगू? एकेका शब्दापाशी थांबत होते. दोनदा माझ्या ओठांवर पुढचा शब्द आला, मी तो गिळला. पंच थांबून राहिले. सरसुद्धा.

नाना चित्रातल्या एकेकीकडे बोट दाखवत म्हणाले, "ही मन्ही बायको शे. हाई मन्ही माय. मी मायशी भांडीसन सुरतले निंघी गयतू. दोन वरीस पत्र नही, काहीच नही. हिना भाऊ माहेरहून, असोद्याहून, हिले लेवाले उनात. ही गयी नही. पोर पाठवर बांधी, नि कापसाना सरवा वेची वेची मन्ही मायले जगाडं."

मग थांबले. मला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं.

"रूथना नवरा मरेल व्हता," नाना म्हणाले. "मी जित्ता व्हतू."

अक्का पुढे झाल्या, चष्मा वर करून त्यांनी मायचा चेहरा जवळून पाहिला आणि सरांना म्हणाल्या, "कापूस राहू द्या हो भाऊ." सर मान डोलावून दुसऱ्या चित्राकडे वळले.

मी मात्र तिथेच. नाना सुरतेला पेंटरकी शिकायला गेले होते, एवढंच मला माहीत होतं. तेही मी शंभर जणांना अभिमानाने सांगितलं होतं. पाठीवर बांधलेली पोर म्हणजे मी, हे कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

बाहेर पायरीवर नाना हाताला लागलेला रंग रॉकेलने पुसत बसले होते. मी शेजारी बसले. विचारलं, "मला कधीच का नाही सांगितलंत?"

त्यांनी चिंधी खाली ठेवली. "स... सांगत व्हतू. तुन्ही मायना दहाव्याले." थांबले. "मी म्हटलं, तुन्ही मायले मी... आन् तू म्हणी टाकं, हो नाना, तुम्ही तिला फार जपलंत."

मला आठवलं. घाटावर, सगळ्यांसमोर. मी त्यांच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला होता.

"मग पुढे का नाही बोललात?"

"तू इ... इतकं चांगलं बोलनी," नाना म्हणाले, "माले वाटनं, तसंच व्हतं का काय."

मला बोलायचं होतं. देवाशप्पथ, पन्नास गोष्टी बोलायच्या होत्या. नानांनी पुन्हा तोंड उघडलं, शब्द अडकला, आणि मी दोन्ही हात मांडीवर दाबून बसून राहिले.