जिन्याखालची सायकल

समोरच्या मृण्मयीचं दहावीचं वर्ष सुरू झालं आणि तिची सायकल जिन्याखाली गेली. "एकच वर्ष कळ काढ," तिची आई म्हणाली. मग रोज संध्याकाळी क्लासला निघताना मृण्मयी तिथे थांबायची, सायकलची घंटी एकदाच वाजवायची आणि रिक्षात बसायची.

आपल्याकडे दहावी आली की खेळणं, भटकणं, पोटभर झोपणं, सगळंच जिन्याखाली जातं. जणू मूल तेवढं वर्ष वाढायचं थांबणार असतं.

परीक्षा संपली. आज मी गॅलरीत होते. तिच्या आईने सायकल पुसली, हवा भरली आणि हाक मारली, "मृण्मयी, ये गं, चक्कर मारून ये!"

वरून आवाज आला, "नको गं आई. पडून राहते."

आई हँडल धरून उभीच राहिली. मग तिने हळूच घंटी वाजवली. लेक वाजवायची तशी, एकदाच.