आत्याच्या बाकासाठी: लालबाग ते दादर

लोक लडाखला जातात. आम्ही बाक बघायला गेलो, आणि सांगतो, आदल्या रात्री मला उत्साहाने झोप नव्हती.

झालं असं की लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत, जिथे आत्या अजून राहते, रविवारी आमदार येणार होते. त्यांच्या निधीतून एक काम होणार होतं. मंडळाच्या मंगेशला हवी होती कमान. माझ्या आत्याला हवा होता बाक, चाळ आणि बाजार यांच्या बरोब्बर मध्ये. गुडघ्यांमुळे तिला एका दमात बाजार गाठता येत नाही. तिची भाजी दर रविवारी मी आणतो आणि ती दर रविवारी त्या भाजीला नावं ठेवते.

"बाक म्हणजे कसला, ते आधी बघून येवया," आत्या तिच्या मालवणीत म्हणाली. निघालो.

पहिला मुक्काम गिरगाव. बसने जा, तिकीट चहापेक्षा स्वस्त आणि खिडकी मिळाली तर चैनच. खोताच्या वाडीतली लाकडी घरं बघून बाहेर आलो, तर नाक्यावर गुळगुळीत दगडी बाक. त्यावर खासदार निधीची पाटी, आणि पेपर वाचणारे एक आजोबा. "बसा हो, आपल्याच पैशांचा आहे," ते म्हणाले. आत्या ऐसपैस बसली. उठायची वेळ आली तेव्हा मात्र हात टेकायला काही नाही. शेवटी मी आणि आजोबांनी मिळून तिला उठवलं.

"दांडे होये," आत्याने निकाल दिला.

तिथून टॅक्सीने दादर. तिथे गेलात तर पियूष प्यायल्याशिवाय हलू नका. आत्याने दोन प्यायले. मग दिसला एक देखणा बाक, हाताला दांडे, पाठीवर आमदारांचं ठसठशीत नाव. पण नाव रस्त्यावरून वाचता यावं म्हणून पाठ रस्त्याकडे केलेली. बसणाऱ्याचं तोंड थेट भिंतीकडे. आम्ही दोघं तिथे बसून हसत सुटलो.

"भिंतीत काय बघूचा रे?" आत्या डोळे पुसत म्हणाली.

परळला स्टीलचा बाक भेटला. दुपारच्या उन्हात तो तव्यासारखा तापला होता, त्यामुळे त्याचं परीक्षण उभ्यानेच उरकलं. स्टील बाद. संध्याकाळी लालबागला उतरलो तेव्हा आत्या दमली होती, पण इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

रविवारी आमदार आले. नारळ, शाल, चहा झाला. मंगेशने कमानीचं असं वर्णन केलं की आमदारांचे डोळे चमकले. कमानीवर नाव केवढं मोठं येतं! मी आत्याकडे बघितलं.

आत्या माझ्या खांद्याला धरून उठली आणि थेट आमदारांना म्हणाली, "झिला, कमानीखालसून माणूस घाईत जाता. मान वर करून नाव कोण वाचतलो? बाकाच्या पाठीवर घाल, दोनय बाजूंनी घाल. पण बसणाऱ्याचा तोंड रस्त्याकडे होया, नि हाताक दांडे. स्टील नको, भाजता."

चाळ हसली. आमदारही हसले, मग विचारात पडले. "दोन्ही बाजूंनी?" त्यांनी विचारलं. मंगेशने कपाळाला हात लावला. मला तेव्हाच कळलं, जमलं.

काम व्हायला पावसाळा उलटला. लाकडी फळ्यांचा बाक, सावलीत. एका शनिवारी आत्याचा फोन आला. "उद्या भाजी आणू नको. मीच जाऊन हाडलंय. वालीच्या शेंगा बघ कशा कवळ्या गावल्या."

खरं सांगतो, आनंद झालाच, पण पिशवी खुंटीला परत टांगताना जरा चुकल्यासारखंही झालं. रविवारी रिकाम्या हाताने लालबागला गेलो. घराला कुलूप. आत्या बाकावर बसून रस्त्यावरच्या येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत होती. मला बघून ती जरा सरकली.