हाळीशिवाय बाण नाही

नामदेव वानखडे बाण सोडण्याआधी जी हाळी द्यायचा, ती ऐकून सातपुड्यातल्या वाघांनी बिऱ्हाडं हलवली, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. शपथ कुणाची, ते विचारू नका. ‘आऽऽला रे बाऽऽण! हटाऽऽ!’ अशी ती आरोळी. उमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो. पहिल्याच सकाळी त्याने वसतिगृहामागच्या बाभळीवर नेम धरला आणि ही हाळी ठोकली. आमचा आचारी हातातलं पातेलं टाकून जो पळाला, तो बडनेऱ्याच्या फलाटावर सापडला. त्या दिवशीचं वरण जमिनीने खाल्लं आणि आमची पोटं वाचली.

“काऊन ओरडतं बे एवढ्यानं?” मी विचारलं.

“पुढं माणूस असंन तं?”

“बाभळीत कायचा माणूस?”

“तू जाऊन पाह्यलं का?”

मी मुकाट जाऊन बाभळीमागे पाहून आलो. आणि मी दुसऱ्याचं ऐकणं ही वऱ्हाडात क्वचितच घडणारी गोष्ट आहे.

त्याचं गाव संग्रामपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, की रानडुकरं खाली उतरायची. मी ऐकणाऱ्यांना सांगायचो की एकेक डुक्कर बैलगाडीएवढं असायचं, आणि नामदेव शेजारी बसून म्हणायचा, “कुत्र्यापेक्षा थोडं मोठं.” शेतात राखणीला असलेल्या सोमा कोरकूने माळ्यावर बसून त्याला लहानपणीच बांबूचं धनुष्य धरायला शिकवलं. एका संध्याकाळी ज्वारीत खसखस झाली, पोराने बाण सोडला, आणि पिकातून डुकराऐवजी गवतवाली गंगाबाई बाहेर आली. बाण तिच्या डोक्यावरच्या भाऱ्यातून आरपार. तिने ज्या शिव्या दिल्या त्या तीन गावांना पुरून उरल्या. गाव हसलं, ती स्वतःही हसली. नामदेव मात्र तापाने फणफणला. मी हा किस्सा रंगवायला लागलो की तो मला अडवायचा. “बाण जरासा खाली असता तं?” एवढंच म्हणायचा, आणि माझा सगळा रंग उतरायचा.

त्याच्या वडिलांना, तुळशीरामकाकांना, कॉलेज हे श्रीमंतांचं दुखणं वाटे. त्यातून पोरगा पहिल्याच वर्षी गणितात असा आपटला की आवाज गावापर्यंत गेला. काकांनी सुट्टीत हुकूम सोडला, “निकालात नाव नाही, तं बाणात तरी आण. नागपूरचा बिल्ला आणला तं शीक पुढं. नाही आणला तं नांगर वाट पाहून राह्यला. मी शेगावच्या टेसनावर रेंगी घेऊन उभा राहीन.” रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, जाताना तीत पाहुणा वाटावं आणि येताना कैदी.

म्हणून विद्यापीठाच्या तिरंदाजीला आम्ही नागपूरला गेलो ते त्याची ट्रंक आणि वळकटी सोबत घेऊनच. मी त्याचा वकील म्हणून, म्हणजे काकांपुढे त्याची बाजू मांडायला गेलो होतो. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या कॉलेजांची पोरं जमली होती. कुणाचं धनुष्य विलायती, कुणाचे हातमोजे चामड्याचे. नामदेवचं धनुष्य पाहून एकाने विचारलं, “हे कपडे वाळवायला आणलंय का?”

“हो. तुमचे बी आणा,” नामदेव म्हणाला.

पंच होता एक गोरा कप्तान. मिशा अशा, की प्रत्येक टोकावर एकेक पोपट बसावा. त्याने नियम वाचला: आधी जवळचं निशाण, मग लांबचं; रेषेवर उभा असलेला तिरंदाज तोंडातून आवाज काढणार नाही, काढला तर तो बाण बाद. नामदेवने माझ्याकडे पाहिलं. बळी देण्याआधी बोकड पाहतो तसं.

जवळच्या निशाणावर त्याने हाळी गिळली आणि तिच्याबरोबर नेमही गिळला. एक बाण गवतात, एक निशाणाच्या पायाला, आणि एक कुठे गेला तो अजून खाली आलेला नाही. मी धावत जाऊन म्हणालो, “लेका, मनातल्या मनात ओरड ना!”

“मनातली हाळी पुढच्याले ऐकू येते का बे?”

“पुढं कोणी नाही! शिपायानं सगळं मैदान झाडून काढलं हाय. स्वतः पाहून घे!”

तो खरोखर चालत गेला, निशाणामागे लावलेली कनात उचलून पाहून आला, आणि मग लांबच्या निशाणाला उभा राहिला. आता मात्र गडी पेटला. गाल फुगवायचा, मान हलवायचा, आणि बाण काळ्या ठिपक्यात! विलायती धनुष्यवाले एकमेकांचे हातमोजे चावू लागले. गाडी एवढी सावरली की शेवटच्या बाणावर बिल्ला येऊन ठेपला. तो ठिपक्यात बसला की नांगर गेला उडत. मी तर मनात मिरवणुकीचे बैलसुद्धा सजवले.

नामदेवने दोरी कानापर्यंत ओढली. तेवढ्यात निशाणामागची कनात हलली. फुगली, दबली, पुन्हा फुगली; आतून कुणी खांदा लावावा तशी.

मी पाहिलं. त्यानेही पाहिलं. मी पुटपुटलो, “वारा हाय बे, वारा हाय, सोड!”

आणि नामदेव वानखड्याने हाळी दिली. “आऽऽला रे बाऽऽण! हटाऽऽ!” कप्तान टेबलाखाली गेला. प्रेक्षकांतली अर्धी मंडळी आडवी झाली आणि उरलेली अर्धी त्यांच्यावर पडली. दोन टांग्यांचे घोडे टांगेवाल्यांशिवायच घरी पोचले. हाळी विरली, कनातीतून कुणी बाहेर आलं नाही, आणि मग त्याने बाण सोडला. ठिपक्याच्या मधोमध. इतका मधोमध, की कंपास लावून मारला अशी शंका यावी.

कप्तानाने टेबलाखालूनच हात वर केला. बाद.

नामदेव मात्र धनुष्य टाकून कनातीकडे पळत सुटला होता. मागे डोकावला. रिकामं मैदान आणि वारा. तो गवतात लोळून हसू लागला. “कोणीच नोतं बे! कोणीच नोतं!” त्या दिवशी बिल्ला मिळालेला पोरगासुद्धा एवढा खूश नव्हता.

परतीच्या गाडीत माझं डोकं चाललं होतं. काकांना काय सांगायचं? बिल्ला चोरीला गेला? शेगाव येईपर्यंत माझ्याकडे सात-आठ भक्कम थापा तयार होत्या. फलाटाबाहेर बैल सोडून तुळशीरामकाका उभेच. मी सुरुवात केली, “काकाजी, काय सांगू! साहेबानं स्वतः टोपी काढून...”

“थांब बे,” नामदेव म्हणाला. “बाबा, बिल्ला नाही भेटला. जवळचे बाण वाया गेले, लांबचे लागले. शेवटचा लागला, पण बाद केला.”

“लागला तं बाद काऊन?”

“हाळी देल्ली म्हणून. तिथं मनाई होती.”

“निशाणामागं होतं का कोणी?”

“नोतं.”

“मंग कायले देल्ली?”

“नोतं, हे मले हाळी देल्ल्यावर समजलं.”

काकांनी रेंगीतून भाकरीचं फडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“बडनेऱ्याकडं, तुह्या कॉलेजाकडं, जाणारी गाडी कितीले हाय?”

“बाबा, पण बिल्ला...”

“बिल्ला काय भाकरीसंग खाचा हाय? गणिताचं पाह्य आता.” मग माझ्याकडे वळून, “अन् तू. साहेबानं टोपी काढली, मंग पुढं काय झालं?”

मी गाडी येईपर्यंत सांगत राहिलो. नामदेव ट्रंकेवर बसून भाकरी खात होता. नागपूरला गेल्यापासून त्याने पोटभर काही खाल्लं नव्हतं; माझ्या वाट्याचा ठेचासुद्धा त्याने संपवला आणि डब्यात चढताच वळकटीला टेकून घोरू लागला. काकांनी खिडकीतून हात घालून त्याच्या पायांवर घोंगडी ओढली आणि गाडी हलली, तेव्हा ते बैल जुंपायला निघून गेले.