पोलादी तळाची बोट

परवा दुकानात एपॉक्सीचा उग्र वास आला आणि मी मनाने थेट लहानपणीच्या मरोद्याच्या तलावावर पोचलो. पोलादाच्या प्लांटमध्ये जन्म घालवलेल्या बाबांनी किटमधली रिमोटची बोट त्याच एपॉक्सी गोंदाने जोडताना तिच्या नाजूक लाकडी तळाला चक्क पोलादी पत्रा ठोकला होता.

"लाकडाचा का भरोसा?" बाबा म्हणाले.

शिफ्टमधले झाडून सगळे दोस्त बोलावलेले. आईने नारळ फोडला, बाबांनी बोट सोडली आणि ती डुबुक्कन तळाला गेली! आम्ही आ वासून उभे.

"का भाऊ, पाणबुडी बनवली का?" एक दोस्त म्हणाला.

तेव्हा मला धरणी दुभंगावी असं वाटलं. आज मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. कारण बाबांनी शांतपणे रिमोटचा दांडा पुढे ढकलला, पाण्यावर बुडबुड्यांची रेघ पलीकडच्या काठाकडे निघाली आणि बाबा गरजले, "बुडाली कुठं? चालून राहिली ना बे!"